नसलेल्या आजोबांचं पान

३ सप्टेंबर

बारक्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी काम.

वृद्धाश्रमाच्या प्रोग्रॅममध्ये आईच्या पानावर 'संध्याकाळ'च्या खाली तू काय लिहिलं होतंस ते उलट टपाली कळव. तिथे आता काही नाही. म्हणजे नाव जागेवर आहे, आत ठणठण गोपाळ. 'शोध रहिवासी/आई/सवयी/संध्याकाळ' असं लिहिलं की समोर दोन अवतरणचिन्हं येतात आणि त्यांच्यामध्ये हवा. सकाळचं सगळं नीट आहे, कारण ते मी भरलं होतं. चहा कोमट, चष्मा उशीखाली, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. दुपारचंही आहे. संध्याकाळ तुझ्याकडे होती.

तू मुद्दाम पुसलंस असं मी म्हणत नाही. पण तुझी ती मुकी आज्ञा, काही चुकलं तरी न ओरडणारी, अजून कुठेतरी चालू असणार आणि तिनेच कुठल्यातरी बदलात ते खाल्लं असणार. मला जे वाटतं ते मी बोलते, हे तुला नव्याने सांगायला नको.

आता घाई का, ते ऐक. दिवे लागले की आई "मला घरी जायचंय" सुरू करते. पिशवी घेऊन दारात उभी राहते. अडवलं की ओरडते, ताट लोटून देते. सकाळी दोन घास खाते तेवढेच. अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत असे लोंबायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत हे असंच राहिलं तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल. आणि नळी उपटू नये म्हणून हात बांधावे लागतील. आईचे हात, बारक्या. जन्मभर गणवेशाच्या कारखान्यात शिवणयंत्रावर चाललेले. मी डॉक्टरांना म्हटलं, मला थोडा वेळ द्या.

उन्हाळाभर असं काही नव्हतं. संध्याकाळच्या पाळीला ती उंच मावशी होती तोवर आई सुतासारखी सरळ होती. मावशी गेल्या महिन्यात लेकीकडे गेली ती गेलीच, तिचा फोन बंद लागतो. ती वेगळं काय करायची असं बाकीच्यांना विचारलं तर म्हणतात, "काही नाही, स्क्रीनवर काहीतरी वाचायची आणि मग आजींशी गप्पा मारत बसायची." म्हणजे स्क्रीनवर काहीतरी होतं. ते काय होतं?

तू हे डब्यांचं प्रकरण आईला समजावलं होतंस ते आठवतं? आपण वृद्धाश्रमाचं काम नुकतं घेतलं होतं. तू म्हणालास, आई, हा एक मोठा डबा, त्यात माणसांचे डबे, माणसाच्या डब्यात औषधांचा, सवयींचा, नातेवाइकांचा डबा, त्यात आणखी डबे. हवं ते काढायचं तर वरपासून एकेक नाव घेत आत जायचं. आईने सुईत दोरा ओवता ओवता ऐकलं आणि म्हणाली, "मग एवढं काय त्यात? आत्याच्या नणंदेच्या मुलाचा मेहुणा म्हटलं की आम्ही नाही का बरोबर पोहोचत?" आपण दोघं हसत सुटलो होतो. दोन संगणकवाल्यांना जे समजावता आलं नाही ते तिने एका 'च्या'त बसवलं.

आता तिला माझंही नाव आठवत नाही.

पत्र कागदावर लिहावं लागतंय, कारण तू ज्या बेटावर पक्ष्यांच्या पायात कड्या अडकवत बसलायस तिथे म्हणे फोन लागत नाही आणि टपालाची होडी आठवड्यातून एकदा येते. धन्य आहे तुझी. शोधून शोधून जागा शोधलीस.

ताई

ता.क. आईचं कपाट आवरलं. तुझा शाळेतला पांढरा शर्ट तिथे कसा आला कोण जाणे. कॉलरच्या आत आईने लाल दोऱ्याने काढलेलं 'बा' अजून आहे. पण बटणाच्या जागी नुसता दोऱ्याचा गुंता, कापडाला भोक पडायची वेळ. चिंध्यांत देऊन टाकला.


१० सप्टेंबर

बारक्या,

होडी आली आणि गेली. तुझं पत्र नाही. बरं.

काल ऑफिसातून लवकर निघून मीच संध्याकाळी गेले. म्हटलं, मॅनेजरबाई फोनवर सांगतात ते एकदा डोळ्यांनी बघावं. व्हरांड्यातले दिवे लावले आणि आई उठलीच. चप्पल उलटी घातली, पिशवी घेतली.

"चला, घरी जायचंय."

"आई, आता हेच घर आहे."

"हे? हे तर स्टेशन आहे. बघा ना, सगळे बाकावर बसलेत." खरं सांगू, मला क्षणभर हसू आलं. सगळे बसले होते खरे तसेच. मग ती म्हणाली, "फाटकातून आत गेलं की पायऱ्या. पायऱ्या चढलं की..."

"आई, ते फाटक नाही आता. घर पाडलं. तिथे गाड्या लावतात."

ती थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून, "फाटकातून आत गेलं की..."

मी पुन्हा सांगितलं. शांतपणे, समजावून. माणसाने माणसाला खरं सांगावं, मग तो माणूस कितीही म्हातारा असो, हे माझं मत तुला माहीत आहे. तीनदा सांगितलं. तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग बारक्या कुठून येईल आत?"

मी म्हटलं, "बारक्या चाळिशीचा घोडा झालाय. तो बेटावर असतो."

त्यावर ती जी रडायला लागली! ताट गेलं, पेला गेला, शेजारच्या आजींच्या अंगावर सूप सांडलं. मी तिला धरायला गेले तर मागे सरकली आणि म्हणाली, "तुम्ही कोण? तुम्ही मला हात लावू नका."

मला 'तुम्ही' म्हणाली. आपल्या आईने, बारक्या. शेजारणींना, दुकानदारांना, बसमधल्या परक्या बाईला म्हणते तसं. नाव विसरली तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, आजार आहे. पण 'तुम्ही' कानात अडकून बसलंय.

आश्रमातल्या मास्तरांच्या प्रकरणाबद्दल मी या पत्रात बोलणार नव्हते. पण तू पत्र न लिहिण्याचं कारण तेच असणार, तेव्हा होऊनच जाऊ दे. डॉक्टरांनी मास्तरांची रक्तदाबाची गोळी अर्धी केली. तू बदल भरलास, आणि घाईत 'मास्तर'च्या जागी 'मास्टर' लिहिलंस. 'ओरड' चालू असती तर आपल्या प्रोग्रॅमने तिथल्या तिथे बोंब मारली असती, की असा कुणी माणूसच इथे नाही. ती तू बंद ठेवली होतीस. वाट सापडली नाही तर मुकाट्याने नवी तयार करावी, माणसाला अडवू नये, हा तुझा जुना हट्ट. मग झालं काय? मास्टर नावाचा एक नवाच रहिवासी तयार झाला, त्याची गोळी अर्धी झाली, आणि खरे मास्तर पूर्ण गोळी खाऊन चक्कर येऊन न्हाणीघरात पडले. खुबा मोडला.

चूक तुझी होती. मी बरोबर होते. आता त्या बरोबर असण्याचं काय लोणचं घालू? जेवणाच्या हॉलमध्ये, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, मावशांसमोर, आई समोर बसलेली असताना, "आईचं पानसुद्धा याच्या हाती देणार नाही," असं म्हणायची गरज नव्हती. ते एकट्यात म्हणता आलं असतं. नसतं म्हटलं तरी चाललं असतं. तू आधीच मेल्याहून मेल्यासारखा झाला होतास, हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी बोलले.

मास्तर आता काठी घेऊन चालतात. परवा मला म्हणाले, "तो मास्टर लिहिणारा कुठाय? त्याचं शुद्धलेखन घ्यायचं राहिलंय." त्यांनी तुला केव्हाच माफ केलंय. तुला कळावं म्हणून लिहिलं.

महिनाअखेरीला सगळी माहिती नव्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये जायची आहे. आपला हे लोक काढून टाकणार. त्याआधी मला सगळं झाडून पुसून द्यायचंय, चाचणीची खोटी पानं, जुना कचरा, सगळं. तेव्हा संध्याकाळचं काय ते लवकर लिही. चार ओळी लिहायला तुझं काय जातं?

ताई


१९ सप्टेंबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं! टपालखात्याचा पैसा तरी वसूल करायचास.

"आजोबांना विचार. आणि ओरड बंद ठेव."

आजोबांना विचारू? आपल्या आजोबांना जाऊन किती वर्षं झाली? म्हणजे मी आता वर जाऊन विचारून येऊ? सरळ 'मसणात जा' लिहायचं होतंस, शब्द तेवढेच लागले असते. आई तिथे उपाशी मरतेय आणि तुला कोट्या सुचतायत. आणि 'ओरड बंद ठेव' हे कुणाला, मला? मी धाकटी असते तर एक वेळ ऐकून घेतलं असतं.

तरी माझा मूर्खपणा बघ. रागाच्या भरातही वाटलं, याला काही म्हणायचं असेल. म्हणून 'ओरड' बंद केली आणि आईच्या पानावर आज्ञा चालवली. घाईत 'आई'च्या जागी 'आइ' पडलं. झालं! मुकाट्याने एक नवी आई तयार झाली. तिला ना खोली, ना वय, ना औषधं, ना सवयी. नुसतं नाव, तेही चुकीचं. मी त्या रिकाम्या पानाकडे बघत बसले. मग काढून टाकलं ते.

रोज संध्याकाळी जाते, रोज तेच. काल वजन केलं, आणखी उतरलंय. डॉक्टरांनी नळीचा कागद मॅनेजरबाईंकडे दिलाय. त्यावर सही माझी लागते. तुझीही चालली असती, पण तू आहेस कुठे?

पत्राची वाट बघणार नाही.

ताई


२३ सप्टेंबर

बारक्या, माझ्या राजा,

सापडलं.

आणि मी किती गाढव आहे ते आधी सांगते, मग बाकीचं.

आज सकाळी कचरा काढायला बसले. पहिलीच वाट घेतली, 'रहिवासी/नसलेले आजोबा'. 'काढ' दाबणार, तेवढ्यात माझाच नियम आठवला, जो मी तुझ्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता. काढण्याआधी बघ. तीच वाट आधी 'शोध'ला दे, आत काय काय आहे ते सगळं डोळ्यांखालून जाऊ दे, मग हात लाव. म्हणून शेवटी दोन चांदण्या (**) लावल्या आणि खालचं सगळं मागवलं.

आणि मग कपाळावर हात मारून घेतला. आजोबांना विचार!

कसे विसरले मी? आपण दोघांनीच त्यांना जन्माला घातलं होतं. खऱ्या माणसांच्या पानांवर प्रयोग नको, म्हणून एक खोटा म्हातारा. नाव, नसलेले आजोबा. खोली शून्य. वय उणे सात. आवड, घोरणे. नावड, जागे असणे. नातेवाईक, सगळे. त्या दिवशी हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि चहा की-बोर्डवर सांडला म्हणून मी ओरडले होते. तेव्हापासून कुठे काही अडलं की आपण म्हणायचो, आजोबांना विचार. किती वर्षं म्हणत होतो! तू लिहिलंस तेव्हा तुला वाटलं असणार, ताईला एका क्षणात कळेल. आणि ताई बसली स्मशानाचा पत्ता शोधत.

पान खाली खाली सरकलं. घोरणे, खोली शून्य, उणे सात. मग 'सवयी'. त्यात 'संध्याकाळ'. त्यात तुझं लिहिलेलं. मी इथे पुन्हा उतरवून काढतेय, तुला पाठ असलं तरी. मला हाताने एकदा लिहायचंय.

"दिवे लागले की आई घरी जायचं म्हणेल. अडवू नका. 'कुठून जायचं?' असं विचारा. ती वाट सांगेल. फाटक, पायऱ्या, दार, मधली खोली, मशीन, खण, डबा, बटण. पाठ करू नका, रोज थोडं बदलतं. काही चुकलं तरी सुधारू नका. 'ते आता नाही' असं कधीच म्हणू नका. जे नाही ते आहे म्हणा. डब्यापर्यंत पोहोचली की म्हणेल, बारक्याच्या शर्टाचं बटण लावायचं राहिलंय, उद्या त्याची शाळा आहे. मग कपाटातला शर्ट द्या, बटण आधी तोडून. जाड टोकाची सुई खणात आहे. बटण लावून झालं की ती जेवते. ती झोपली की बटण पुन्हा तोडून ठेवा."

मी ते पुन्हा वाचलं. बाहेर कुणीतरी जिना धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

तू आईच्या पानावर काही पुसलं नव्हतंस. लिहिलंच नव्हतंस. त्या दिवसानंतर मी सगळ्या खऱ्या माणसांची पानं तुला बंद केली होती. फक्त एका खोट्या माणसाचं पान उघडं राहिलं होतं, चाचणीसाठी. तू जायच्या आधी आईची संध्याकाळ तिथे ठेवलीस, उंच मावशीला ते पान उघडायला शिकवलंस, आणि मला काही न बोलता निघून गेलास. बोलणार तरी कसा? मी बोलू देत होते कुठे?

आणि मी काय करत होते? ती फाटकाशी आली की मी म्हणत होते, फाटक नाही. वाट सापडली नाही की बोंब मार. अगदी नियमाप्रमाणे! बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि मी पुन्हा तिला फाटकावरच अडवायची. तिला घर नको होतं रे. तिला बटण लावायचं होतं. आणि मी मेली तिला एका पायरीपुढे जाऊ देत नव्हते. इतक्या संध्याकाळी तिला दारात उभं करून रडवलं, आणि वर मनात म्हणत होते की मी खरं बोलते.

हे सगळं एक वेळ पोटात घालेन. पण शर्ट, बारक्या! तो शर्ट मी चिंध्यांत दिला. धावत गेले भांडारात. सफाईवाला म्हणाला, "बाई, ते सगळं त्याच आठवड्यात फाडलं." त्याने फडक्यांची बादली दाखवली. मी एकेक फडकं पिळून बघितलं. पांढरी बरीच होती. लाल दोरा कशावर दिसला नाही.

तुझ्याकडे लहानपणीचं दुसरं काही असेल तर पाठव. नसणारच, मला माहीत आहे. तरी लिहिलं.

तुझी,
ताई


२९ सप्टेंबर

बारक्या,

होडी निघायच्या आत हे पत्र पोहोचवायचंय, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस. तसंही माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तूच म्हणायचास.

तुझ्या उत्तराची वाट बघत बसण्याइतका वेळ नव्हता. डॉक्टर आज येणार होते. म्हणून मी बाजारातून शाळकरी मुलाचा पांढरा शर्ट आणला. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का?" म्हटलं, "भावासाठी." तो बघतच राहिला. शर्ट पुठ्ठ्यासारखा कडक. धुतला, पिळला, पुन्हा धुतला, दगडावर घासला, उन्हात टाकला. जरा माणसात आला तेव्हा लाल दोरा घेतला आणि कॉलरच्या आत 'बा' काढायला बसले.

मला शिवता येत नाही हे जगजाहीर आहे. आईने लहानपणी शिकवायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. बोटाला सुई टोचली, दोरा तुटला, 'बा'चा काना एकीकडे आणि पोट दुसरीकडे. दोनदा उसवून पुन्हा काढलं. शेवटी म्हटलं, जे झालं ते झालं. वरचं एक बटण तोडलं आणि काल संध्याकाळी गेले.

दिवे लागले. आई उठली, पिशवी घेतली. "चला, घरी जायचंय."

मी म्हटलं, "चला. कुठून जायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत कुणी तिला हे विचारलंच नव्हतं ना! मग माझा हात धरला आणि आम्ही व्हरांड्यातून चालायला लागलो. फाटक आलं. मी म्हटलं, "करकरतंय." ती म्हणाली, "तेल घालायला हवं." पायऱ्या चढलो, सपाट जमिनीवर. दार आलं, मधली खोली आली. एका ठिकाणी ती म्हणाली, इथे विहीर आहे. आपल्याकडे विहीर कधी होती? माझ्या जिभेवर आलं होतं, बारक्या, अगदी दातापर्यंत आलं होतं. गिळलं. म्हटलं, "हो, जपून."

मग मशीन, मशीनचा खण, खणातला डबा. आईने हवेतच झाकण उघडलं. आणि म्हणाली, "बटण लावायचं राहिलंय. उद्या शाळा आहे त्याची."

मी शर्ट दिला. तिने तो हातात घेतला, कापड चुरगाळून बघितलं. भुवई वर गेली. कारखान्यात गणवेशांचा ढीग तपासताना जायची तशी. म्हटलं, संपलं, ओळखलं हिने. तिने कॉलर उलटी केली, दिव्याजवळ नेली, त्या 'बा'वरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे कुणी काढलं?"

 

"थोरलीने काढलंय," आई म्हणाली. "बघा, दोरा किती ओढलाय. कापड आक्रसलं सगळं. शंभरदा सांगितलं कार्टीला, जरा सैल सोड, सैल सोड. ऐकेल तर शपथ!"

बारक्या, तिला माझा चेहरा ओळखता येत नाही, माझं नाव येत नाही, पण माझा टाका ओळखला तिने. मी तिथेच तोंडात पदर कोंबून हसले का रडले, मलाच कळलं नाही. तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही. जाड सुईच्या टोकाने माझा 'बा' एकेक टाका उसवला, आणि लाल दोऱ्याने नवा काढला. काना सरळ आला. मग बटण लावलं. दोरा दाताने तोडला. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जेवलीस का गं?"

गं म्हणाली.

आम्ही दोघी जेवलो. ती वाटीभर भात आणि सूप, सगळं. मॅनेजरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. नळीचा कागद मी आज सही न करता परत दिला. डॉक्टर म्हणाले, असंच खात राहिली तर गरज नाही. असंच म्हणजे रोज, हे त्यांना कुठे माहीत आहे? ती झोपल्यावर मी बटण तोडलं. हात चालत नव्हता, पण तोडलं.

आज सकाळी आईचं पान तुला पुन्हा उघडं केलं. मास्तरांचंही, बाकीच्यांचंही. नव्या कंपनीला सांगितलंय, नसलेले आजोबा खोली शून्यसकट तसेच नव्या प्रोग्रॅममध्ये जातील, नाहीतर मी सही करणार नाही. आईची संध्याकाळ आता आईच्या पानावर लिहिली आहे, तुझ्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता.

एक गोष्ट मात्र तुझ्या टिपणात नव्हती, किंवा तू असताना तिला विचारावी लागत नसेल. काल बटण लावून झाल्यावर, जेवण झाल्यावर, पांघरूण अंगावर घेताना तिने मला विचारलं, "बारक्या आला का?"

जन्मभराची सवय तोंडाशी आली होती. नाही, तो बेटावर असतो, तो माझ्यामुळे गेला, तो येणार नाही. सगळं खरं.

मी म्हटलं, "येतोय."

ती झोपली.

आईशी मी आजवर एकदाही खोटं बोललेली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मला खोटं पाडू नकोस.

ताई